दोन तारखांचा भाव

मागच्या खोलीतलं कपाट पुन्हा सरकल्याचा आवाज आला, तेव्हा काचवाला दाढी करत होता. हात गालावरच थांबला. लोखंडी कपाट आणि खाली घासणारी फरशी, तो आवाज दातांतून जातो. सकाळपासून ते कपाट एकदा या भिंतीला जात होतं, एकदा त्या भिंतीला. कोण हलवतंय ते बघायला जायची गरज नव्हती. एका दमात खेचलं की मुलगा. थोडं ढकलून, श्वास घेऊन, पुन्हा थोडं ढकललं की मुलगी.

आता खेचलं होतं.

तोंड पुसून तो आत गेला. कपाटामागची ओल उघडी पडली होती. नळाचा पाइप जुना, त्याच्याखाली भिंतीचा रंग फुगून सोलवटला होता. मुलगा कमरेवर हात ठेवून त्या ओलीकडे बघत होता, जसं काही ती त्यानेच वाढवली होती.

"हे काय चाललंय?"

"काही नाही, बाबा. त्या बाई येणार ना आज. त्यांना सगळं दिसायला नको का? नंतर कुणी म्हणायला नको, लपवलं म्हणून."

"आणि माझ्या कुंड्या?" मुलगी दारात येऊन उभी राहिली. "कालच दारात ठेवल्या होत्या. सकाळी बघते तर गच्चीवर. त्या काय लपवलेल्या होत्या?"

"येताजाताना पायात येतात."

"काल येत नव्हत्या."

"कालपर्यंत नव्हत्याच इथे! आई गेल्यापासून एक रोपटं आणलं नाहीस, आणि काल एकदम बाग घेऊन आलीस."

"जिन्यातला बल्ब पण गेलाय वाटतं," मुलगी म्हणाली.

"बल्बच तो, जायचाच कधीतरी," सून स्वयंपाकघरातून म्हणाली.

"गेला नाही हो वहिनी, काढलाय. होल्डर रिकामं आहे."

स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. सून हसू दाबत असावी.

काचवाल्यालाही एरवी हसू आलं असतं. म्हणजे आधी त्याच्या बायकोला आलं असतं. तिला हसू आवरायचं नाही. ती पदर तोंडाला लावायची आणि मग सगळ्यांचाच राग पातळ व्हायचा. आता राग आला की तो घट्टच राहत होता.

"कपाट होतं तिथे ठेव," तो मुलाला म्हणाला. मग मुलीकडे वळला. "आणि कुंड्या राहू देत गच्चीवर. त्या बाई घर बघायला येतायत. मुलगी दाखवायचा कार्यक्रम नाही हा."

गोष्ट साधी होती आणि म्हणूनच अवघड होती. घर दोघांच्या नावावर होतं, त्याच्या आणि तिच्या. ती गेली. तिचा वाटा मुलांचा झाला, आणि काचवाल्याने ठरवलं की आपला वाटाही आत्ताच देऊन टाकायचा, आपल्या डोळ्यांदेखत. खालचं काचेचं दुकान मुलगाच चालवत होता. वरचं घर त्याचंच होतं म्हणायला हरकत नव्हती, संसार त्याचा तिथेच होता. तेव्हा घर-दुकान मुलाने ठेवावं आणि अर्ध्या घराची किंमत बहिणीला द्यावी. मुलगी औषधांच्या दुकानात नोकरीला, नवऱ्यासोबत भाड्याच्या जागेत राहायची. तिला त्या पैशात स्वतःचं काहीतरी बघता आलं असतं. दोघांनाही हे पटलं होतं. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

मग प्रश्न आला की घराची किंमत किती.

ती सांगायला मामा आले होते. काचवाल्याचे मेहुणे. आयुष्यभर लोकांना घरं दाखवण्याचं काम केलेले. कुठल्या गल्लीत काय भावाने काय गेलं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी छताकडे पाहिलं, ओठांत काहीतरी पुटपुटलं आणि आकडा सांगितला. मुलाने लगेच मान हलवली. फारच लगेच. आणि मुलीने हातातला चहाचा कप खाली ठेवला, न पिता, अगदी हळू.

तो कप खाली ठेवण्याचा आवाज काचवाल्याने पूर्वी ऐकला होता. याच टेबलावर. तेव्हा कप त्याच्या थोरल्या भावाने ठेवला होता. अण्णाने.

तेव्हाही आकडा मामांनीच सांगितला होता. वडील गेल्यावर अण्णाला धंद्यातून बाहेर पडायचं होतं, धाकट्याला घर-दुकान ठेवायचं होतं. भाव सांगायला घरातलाच माणूस होता, मग बाहेरच्याला कशाला बोलवायचं? अण्णाने तो आकडा घेतला, सही केली, कप खाली ठेवला आणि गेला. पुढे कुणाकडून तरी त्याचं बोलणं कानावर आलं. 'भाव कुणी सांगितला? त्याच्याच बायकोच्या भावाने. मग काय व्हायचं होतं?' मुलगा तेव्हा पाळण्यात होता. आता त्याच्या कानशिलांवर पांढरे केस होते. एवढ्या वर्षांत अण्णा या घराची पायरी चढला नव्हता. ती गेली त्या दिवशीही नाही.

म्हणून मुलीने कप ठेवला त्याच्या दुसऱ्या दिवशी काचवाला उठला, शर्ट बदलला, गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका ऑफिसात गेला आणि व्हॅल्युएशन करणाऱ्या बाईंना बोलावून आला. घरात आल्यावर सांगितलं. विचारलं नाही.

बाई आल्या त्या ठरल्या वेळेला. पन्नाशीच्या, पायात बूट, खांद्याला पिशवी. जिन्यात अंधार होता तरी थांबल्या नाहीत. पिशवीतून बॅटरी काढली आणि वर आल्या. मुलाचा चेहरा जरा उतरला.

"फी मी देतो," मुलगा पुढे होऊन म्हणाला. "बाबांना त्रास नको."

"अर्धी मी देणार," मुलगी म्हणाली.

"कुणीही द्या," बाई म्हणाल्या. "फी ठरलेली आहे. भाव जास्त निघाला तरी तेवढीच आणि कमी निघाला तरी तेवढीच. आणि रिपोर्टची प्रत तिघांनाही एकाच दिवशी जाईल. आधी कुणाला फोन करून सांगणार नाही. कुणी विचारूही नका."

मग कामाला लागल्या. हातातलं छोटं यंत्र भिंतीला टेकवायच्या, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटायचा आणि लांबी यंत्रावर दिसायची. काचवाल्याला ते आवडलं. पण जिना वळतो तिथे त्यांनी पिशवीतून साधी टेप काढली, तेव्हा त्याला त्या जास्तच आवडल्या. टेपचं टोक त्याने धरलं.

"ताणून धरा, काका."

"हो, हो."

मागच्या खोलीत त्या जरा वेळ फरशीकडे बघत राहिल्या. फरशीवर कपाटाच्या पायांचे ताजे ओरखडे होते, एकमेकांवरून गेलेले.

"हे कपाट आज बरंच फिरलेलं दिसतंय."

बाईंनी मुलाकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि मग कपाट स्वतःच बाजूला करून मागची ओल बघितली. भिंतीला कसलीशी सुई टेकवली.

"पाइप गळतोय. भिंत चांगली आहे. दुरुस्तीचा खर्च धरेन, बस्स." मग मुलीकडे वळल्या. "आणि गच्चीवरच्या कुंड्या छान आहेत. त्या घराबरोबर जाणार का तुमच्याबरोबर?"

मुलगी लाजली. "माझ्याबरोबर."

"मग त्या धरत नाही."

एवढ्यात खालून मामांचा आवाज आला. "दाजी! अहो जिन्यात दिवा तरी लावा, माणूस पडून मरेल!"

मामा वर आले ते धापा टाकत. बाईंना बघून त्यांनी नमस्कार केला, पण तोंड असं, की कुणीतरी त्यांच्या ताटात हात घातलाय. "असं का? आलात का तुम्ही? छान, छान. घ्या मोजून. मी इथे जन्म काढला, पण आम्ही आपले नजरेने सांगणारे. आमचं काय धरायचं!"

"तुमची नजर चांगली असेल," बाई म्हणाल्या. "माझी नाही. म्हणून मोजते."

सून पटकन स्वयंपाकघरात गेली.

खाली दुकान बघायला सगळेच उतरले. रविवार, दुकान बंद. शटर अर्धं वर केलं तशी उभ्या ठेवलेल्या काचांवर बाहेरची गल्ली दिसायला लागली, तुकड्यातुकड्यांनी. कापायच्या टेबलावर जाड कापड अंथरलेलं होतं. गल्ल्याशेजारी बायकोचं उंच स्टूल. त्यावर कुणी बसत नव्हतं. कुणी तसं ठरवलेलं नव्हतं, पण मुलगाही बिल लिहायचं तर उभ्यानेच लिहायचा.

बाई बाहेर गेल्या, दुकानाची पाटी वाचली आणि परत आत आल्या. "पाटीवर शेवटी 'बंधू' लिहिलंय. दुसरे भाऊ कोण?"

"माझा थोरला," काचवाला म्हणाला. "तो वेगळा झालाय. लिहून दिलंय त्याने, त्याचा आता काही हक्क नाही."

"कागद बघितलेत मी, ठीक आहेत. फक्त विचारलं. पाटी बदलली नाही तुम्ही."

"नाही," तो म्हणाला. पाटी बदलायची गोष्ट त्याच्या बायकोने कधी काढू दिली नव्हती.

बाईंनी वह्या-यंत्रं आवरली. "घर बघून झालं. शेजारपाजारची झालेली विक्री काढीन, दुकानाचं वेगळं धरीन, राहत्या जागेचं वेगळं. आठवडाभरात रिपोर्ट देते."

"आठवडाभर!" मामा म्हणाले. "मी चहा थंड व्हायच्या आत सांगितला होता."

"हो ना," मुलगी म्हणाली. "लगेच सांगितलात, आणि तोही दादाला परवडेल असा."

"चिंगे!" मुलगा ओरडला. लहानपणीचं नाव त्याच्या तोंडून रागातच यायचं. "मामांना का बोलतेस? तुला काय वाटतं, मी तुला फसवतोय? कर्ज मी काढणार. हप्ते मी भरणार. बाबांचं मी बघणार. चार पैसे कमी वाटले तर एवढं—"

"कमी-जास्तीचं नाही रे. तू मान कशी हलवलीस ते बघितलं मी. मामांचं बोलणं पुरं व्हायच्या आत."

"मग काय रडत हलवू?"

"दाजी, बघताय ना?" मामा काचवाल्याकडे वळले. "माझी बहीण असती तर ही पोरगी असं बोलली असती का मला?"

"आईनेच सांगितलंय मला," मुलगी म्हणाली. तिचा आवाज खाली आला आणि म्हणून सगळ्यांना नीट ऐकू आला. "दवाखान्यात होती तेव्हा. म्हणाली, घराचं काही ठरवायची वेळ आली तर घरातल्या कुणाला भाव सांगू देऊ नका. नाहीतर तुम्हा दोघांचं अण्णाकाकांसारखं होईल."

बाहेर एक सायकल घंटी वाजवत गेली आणि सगळ्या काचांतून एकदम दिसून नाहीशी झाली.

मामा खुर्ची शोधू लागले. स्टूल दिसलं, पण त्यावर बसले नाहीत. कापायच्या टेबलाला टेकले. "माझ्याबद्दल बोलली ती असं?"

"तुमच्याबद्दल नाही, मामा. भावाबद्दल. घराच्या भावाबद्दल."

काचवाल्याने ऐकलं. त्याला हे नवीन नव्हतं. तिने त्यालाही सांगितलं होतं, एकदा नाही, आयुष्यभर. 'अहो, कुणी गिऱ्हाईक म्हणालं खिडकी एवढी एवढी आहे, तर तुम्ही कापता का काच? नाही कापत. स्वतः जाता, स्वतः माप घेता. कापली की काच परत वाढत नाही, असं तुम्हीच म्हणता. आणि घर मात्र तोंडी सांगितल्या मापावर कापलंत. तेही माझ्या भावाच्या तोंडच्या. अजून बोलवा कुणाला तरी. जे निघेल ते अण्णांना कळवा.' आणि तो म्हणायचा, भावाभावांत मोजणीवाला कशाला? मला काय चोर समजतेस? तेवढ्यावर ती गप्प व्हायची. त्याला वाटायचं, पटलं तिला.

बाई दाराशी पोचल्या होत्या. भांडणं त्यांना नवीन नसावीत, त्या पिशवीचा पट्टा नीट करत होत्या.

"बाई," काचवाला म्हणाला. "एक विचारायचं होतं. मागच्या तारखेचा भाव काढता येतो का?"

"किती मागच्या?"

त्याने मुलाकडे बोट केलं. "हा पाळण्यात होता तेव्हाचा."

"काढता येतो. कोर्टाच्या कामाला लागतो, टॅक्सला लागतो. त्या वेळच्या विक्रीच्या नोंदी बघाव्या लागतात. वेळ जास्त लागेल."

"मग तोही काढा. अण्णाने सही केली त्या दिवशीचा."

"दाजी!" मामा सरळ झाले. "काय गरज आहे? झालं गेलं ते!"

"बाबा, थांबा जरा." मुलगा पुढे आला. त्याने बापाचा दंड धरला, प्रेमानेच, पण घट्ट. "हे कशाला उकरताय? समजा, निघालं की काकांना कमी मिळालं. मग? उद्या ते दारात उभे राहतील. मी इथे कर्ज काढायला बसलोय. एकीचं देऊ, का दुसऱ्याचं देऊ?"

"कायद्याने त्याला काही मागता येत नाही."

"मग काढायचंच कशाला?"

"मला माहीत नाही म्हणून," काचवाला म्हणाला. "मी त्याला फसवलं की नाही, हे मला माहीत नाही. मी फसवलं नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो. पण मी कधी मोजलंच नव्हतं. मामांनाही माहीत नाही. तुम्ही मुद्दाम कमी सांगितलंत असं मी म्हणत नाही, मामा."

"मी मुद्दाम नाही सांगितलं," मामा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "माझी ताई या घरात होती. तिचं चांगलं व्हावं असं मनात असेल. पण मुद्दाम नाही."

"तेच तर. मनात असेल. माझ्याही असेल. आज याच्या मनात आहे आणि हिच्याही मनात आहे. कपाट नाचवताय सकाळपासून."

मुलाने दंड सोडला. मुलगी जमिनीकडे बघत राहिली. दोघांनाही ते बोलणं लागलं होतं, आणि एकाच जागी.

बाई आत आल्या. पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली. "काका, मी करीन. पण आधी सांगते. आजचं घर मला दिसतं, मोजता येतं. तेव्हाचं घर मला दिसत नाही. ते तुम्हाला सांगावं लागेल. तेव्हा काय होतं, काय नव्हतं."

"सांगतो की."

"मागच्या खोलीवर आज स्लॅब आहे. तेव्हा होता?"

काचवाल्याने तोंड उघडलं आणि त्याला आठवेना. खोली होती. पण स्लॅब मुलीच्या जन्माच्या आधी टाकला की नंतर, की अण्णा असतानाच? तो तिथे उभा राहून सिमेंटला पाणी मारत होता, एवढं डोळ्यांपुढे होतं. शेजारी कोण होतं, ते नव्हतं. असलं सगळं ती लक्षात ठेवायची. कुठली खिडकी कधी बसवली, रंग कुठल्या वर्षी काढला. तो नुसता वळून विचारायचा. आत्ताही त्याची मान स्टुलाकडे वळली आणि अर्ध्यात थांबली.

"पत्रा होता," मामा म्हणाले. "शंभर टक्के. पत्रा धरूनच मी भाव सांगितला होता."

"तुम्ही तर तेच म्हणणार," मुलगी म्हणाली, पण या वेळी धार नव्हती.

"ती म्हणतेय ते खरं आहे," बाई म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका. पत्रा असेल तर तेव्हाची किंमत कमी निघेल आणि तुमचा आकडा बरोबर ठरेल. स्लॅब असेल तर उलट. एका बाजूच्या सांगण्यावर मी ती खोली लिहिणार नाही. जे घर सोडून गेले त्यांनाही विचारायला हवं. विचारणार नसाल तर दुसरं काम मी घेत नाही. अर्ध्या माहितीवरचा आकडा दिला तर तो आणखी एक भांडण होईल, आणि त्यावर माझी सही असेल."

"अण्णा फोनवर यायचा नाही," काचवाला म्हणाला.

"नाही आले, तर तेवढं मला कळवा." त्यांनी पिशवी उचलली. जाताना मुलगा-मुलीकडे पाहून म्हणाल्या, "माझा आकडा तुम्हाला आवडेलच असं नाही. पण तो कसा आला ते ओळीने लिहिलेलं असेल. चुकला वाटला तर माझ्याकडे या आणि मला बोला. एकमेकांना बोलावं लागणार नाही. त्याचेच पैसे घेते मी."

त्या शटरखालून वाकून बाहेर गेल्या.

फोन काचवाल्याने दुकानातूनच लावला. नंबर मुलीकडे होता. तो तिच्याकडे कसा, हे त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. मुलगा शटरशी पाठ करून उभा राहिला. मामा टेबलाशी. सून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन थांबली. रिंग वाजत राहिली. काचवाल्याला मनातून वाटत होतं की उचलू नये. नंतर सांगता आलं असतं, केला होता फोन.

"हॅलो."

आवाज म्हातारा झाला होता. त्याला वाटलं, चुकीचा नंबर लागला.

"अण्णा, मी बोलतोय."

पलीकडे काहीच नाही. फोन ठेवलाही नाही.

त्याने ठरवलेलं काहीच त्याला बोलता आलं नाही. मग तो कामाचंच बोलला, गिऱ्हाईकाशी बोलतात तसं. घराचं व्हॅल्युएशन करतोय. बाहेरची बाई आहे, कुणाच्या नात्यातली नाही. आजचा भाव काढतेय, मुलांसाठी. आणि तुझ्या सहीच्या दिवशीचा पण काढायला सांगितलाय, मी सांगितलाय. ती म्हणते, तेव्हा घर कसं होतं ते दोघांनीही सांगायला हवं. "मागच्या खोलीवर तेव्हा काय होतं, ते विचारतेय. मला आठवत नाही."

"तुला कधी आठवत होतं?" अण्णा म्हणाला.

काचवाल्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिला विचारायचास तू. मला माहीत आहे." अण्णा थांबला. मग म्हणाला, "आलो होतो मी त्या दिवशी. ती गेली तेव्हा. गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. पाटी दिसली. मग नाही आलो पुढे."

मुलगी फोनच्या जवळ उभी होती. तिला ऐकू आलं असावं, तिने तोंड फिरवलं.

"पत्रा होता," अण्णा एकदम म्हणाला. "मागच्या खोलीवर पत्रा होता. स्लॅब धरू नकोस, नाहीतर खोटा भाव निघेल. स्लॅब तुम्ही नंतर टाकलात, मी गेल्यावर. ट्रक उभा दिसला होता मला लांबून."

मामांना शब्द ऐकू आले नाहीत, पण काचवाल्याने त्यांच्याकडे पाहून मान हलवली, आणि ते टेबलावर दोन्ही हात टेकून हळूच खाली वाकले.

"पण माळा होता," अण्णा म्हणाला. आता त्याचा आवाज चढला. त्यातला जुना अण्णा काचवाल्याने लगेच ओळखला. "दुकानावरचा माळा. पक्का, लाकडी, मी माझ्या हाताने केलेला. मी झोपायचो वर. तुझ्या मेहुण्याने तो मोजलाच नव्हता. मी तिथेच बसलो होतो, तो छताकडे बघत होता, आणि माळ्याचं नाव नाही. मला वाटलं, तू बोलशील. तू बोलला नाहीस."

काचवाल्याने मान वर केली. माळा होता. डोक्यावरच होता, रोज होता. त्यावर फ्रेमच्या पट्ट्या आणि रिकाम्या खोक्यांची गर्दी. बाईंनी आज मोजला होता तो, शिडी लावून. त्या दिवशी टेबलाशी बसताना तो त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. खरंच आला नव्हता. पण हे आता सांगून काय उपयोग, ते मोजून थोडंच दाखवता येणार होतं?

"मी विसरलो, अण्णा," तो म्हणाला.

"हं."

"तो लिहायला सांगतो."

"तू काही सांगू नकोस. तू सांगशील आणि अर्धं राहील. मीच येतो." पलीकडे काहीतरी सरकल्याचा, कुणीतरी उठल्याचा आवाज. "ती बाई परत येईल तेव्हा मला कळव. टेप मी धरीन. तू ढिली धरतोस, लहानपणापासून."

फोन बंद झाला. काचवाला तो हातात धरून उभा राहिला. सगळे त्याच्याकडे बघत होते. मुलाच्या चेहऱ्यावर अजून कर्ज आणि हप्ते होते, ते एवढ्यात जाणार नव्हते. आकडा काय निघेल ते कुणालाच माहीत नव्हतं. दोन्ही आकडे.

"काय म्हणाले?" मुलाने विचारलं.

काचवाल्याने बायकोचं स्टूल पुढे ओढलं. क्षणभर त्यावर हात ठेवला आणि बसला. पाय दुखत होते.

"जिन्यात बल्ब लाव," तो म्हणाला. "अण्णाला आता कमी दिसत असेल."